बुडाला भोक असलेले चौसष्ट सिलिंडर

दिनांक ९ मार्च १९७८. रक्कम चौदा रुपये. हजर तिघे: आमचे घरमालक, हातगाडीवाला कबाडी शालिक आणि मी. माल सात नग. गॅसचे छोटे, दोन किलोवाले सिलिंडर, प्रत्येकाच्या बुडाला पाव इंचाचे एक भोक. दर नगाला दोन रुपये. शालिकने पैसे माझ्या हातात दिले, मी घरमालकांना दिले आणि त्यांनी ते न मोजता बंडीच्या खिशात टाकले. मी त्या दिवशी खूश होतो. हिशेब माझा होता आणि तो जुळला होता.

घरमालकांना सारी वस्ती काकाजी म्हणे, मीही म्हणत असे. नागपुरात इंदोऱ्याकडून जरीपटक्याकडे जाताना आत वळणाऱ्या एका गल्लीत त्यांचे घर होते. वरच्या दोन खोल्यांत मी, बायको आणि आमची मुलगी असे नऊ वर्षे भाड्याने राहिलो. काकाजी खाली एकटेच असत. एका कापड गिरणीत बॉयलरवर फिटर म्हणून एकतीस वर्षे काढून ते घरी बसले होते. बायको आम्ही येण्याआधीच गेली होती, मूलबाळ नव्हते. नरखेडकडे एक पुतण्या होता, तो संत्र्याच्या दिवसांत एक पोते आणून टाकी आणि चहा घेऊन परत जाई.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. ‘रिकामं हाय हे तुम्ही कायच्यावरून म्हणता?’ कोणी म्हटले बस रिकामी गेली, की हा प्रश्न. बायको म्हणाली ज्वारीचा डबा रिकामा झाला, की हा प्रश्न. एकदा तिने चिडून डबा त्यांच्यासमोर पालथा केला. आठ-दहा दाणे पडले. काकाजींनी ते वेचून तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘पाहा. मी काही वाईट बोललो नाही.’ त्यांच्या पत्नीच्या वर्षश्राद्धासारखा काही विधी ते करत नसत, पण एका वर्षी त्या तिथीला शेजारच्या एका बाईने ‘घर रिकामं वाटत असेल ना’ असे विचारले. तेव्हाही त्यांनी तोच प्रश्न परत विचारला. मला वाटले ते थट्टा करत आहेत. चेहरा पाहिला तर तसे नव्हते.

हा प्रश्न बॉयलरवरून आला होता, रिकामा समजलेल्या बॉयलरमध्येही वाफ उरलेली असते, आणि गॅसच्या सिलिंडरवर येऊन पक्का झाला. झाले असे की बाहेरगावच्या एका कंपनीने शहरात लहान सिलिंडर आणले होते. वर थेट बर्नर बसवायचा, की झाली शेगडी. नवी लग्ने झालेली, खोली करून राहणारी मुले, खाण्याच्या गाड्या लावणारे, अशांनी अनामत भरून ते घेतले. दोन-तीन वर्षांत एजन्सीला कुलूप लागले. अनामत बुडाली ती बुडालीच, पण सिलिंडर घरोघर राहिले. कंपनी परत घेईना, कबाडी भीतीने हात लावीना, बायका घरात ठेवू देईनात. कोणी दाराला टेकण म्हणून ठेवला, कोणी संडासाच्या छपरावर. आमच्या गल्लीतल्या एकाने तो नाल्यात फेकला. काकाजींनी विजार गुडघ्यावर घेऊन तो काढून आणला आणि त्या माणसाला त्याच्याच दारात उभे करून अर्धा तास समजावले की आत अजून पावशेर गॅस आहे.

तेव्हापासून लोक त्यांच्याकडे सिलिंडर आणून देऊ लागले. ते पैसे घेत नसत. सिलिंडर आला की आधी ताणकाट्याला लटकवायचा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या गळ्यावर ठोकलेले असते. काट्यावर तेवढेच आले तरच आत काही नाही असे ते मानत, आणि तेव्हाही पूर्ण मानत नसत. मग मागच्या अंगणात, चुलीपासून आणि आमच्या जिन्यापासून लांब, सकाळी वारा असताना तो उघडून ठेवायचा. त्या वेळी गल्लीत कोणी बिडी पेटवली तरी ते खेकसत. चार दिवसांनी लांब दांड्याचा पाना लावून डोक्यावरची तोटी काढायची आणि सिलिंडर काठोकाठ पाण्याने भरायचा. आठ दिवस पाणी. पाण्याने गॅसला जागा उरत नाही, हे त्यांनी माझ्या मुलीला पेल्यात कागद बुडवून दाखवले होते. मग पाण्याने भरलेला तो सिलिंडर शिकंज्यात धरून हॅकसॉने मधोमध कापायचा. खालच्या वाटीत मोगरा लावायचा, नाहीतर चिमण्यांसाठी पाणी ठेवायचे. वरचा भाग भंगारात.

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय माणूस राहत नाही. काकाजींकडे कूलर होता, पण त्याच्या वाळ्याच्या ताट्या त्यांनी काढून कडुनिंबाखाली ठेवलेल्या सिलिंडरांवर घातल्या होत्या. दिवसातून तीनदा ते त्यांच्यावर पाणी शिंपडत. स्वतः ओले फडके मानेवर टाकून बसत. बायको म्हणाली, ‘काकाजी, ते लोखंड आहे, तुम्ही माणूस आहात.’ ते म्हणाले, ‘माणूस तापला तर सांगते तरी.’

आता माझ्या हिशेबाकडे येतो.

एक सिलिंडर कापायला त्यांना तीन तास लागत. गोल पत्रा, त्यात पाणी, करवत घसरायची. एका सिलिंडरला एक पाते जाई, कधी दोन. त्यांचा उजवा खांदा दुखत असे आणि कापून झाले की त्यांना हात वर करून टोपीही घालता येत नसे. हे सगळे मी पाहत होतो. आणि खरे लिहायचे तर रविवारी दुपारी त्या आवाजाने मला झोप लागत नसे, हेही त्यात होते. मी एक कागद घेऊन बसलो. पाते अमुक, वेळ तमुक, कापलेले दोन तुकडे भंगारात विकून येणारे पैसे तितकेच जितके अख्ख्याचे. उलट बुडाला पाव इंचाचे एक भोक पाडले तर वीस मिनिटांचे काम. ड्रिलचा एक बिट दहा नगांना पुरतो. भोक पडले की गॅस राहू शकत नाही, म्हणजे सिलिंडर मेला. कापणे आणि भोक पाडणे यांत सुरक्षितपणाचा फरक शून्य, खर्चाचा फरक मोठा. असा तो कागद मी त्यांना वाचून दाखवला.

त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, ‘भोक बुजवता येते, बाबूसाहेब.’

‘दोन रुपयांच्या लोखंडाला कोण झाळ लावत बसेल, काकाजी?’

‘तुमचा हिशेब पक्का हाय?’

मी म्हणालो, पक्का.

ते उठले आणि हातड्रिल शोधायला गेले. मी कचेरीत हिशेब तपासनीस होतो. माझ्या शब्दावर लोक सह्या करत.

भोक पाडायलाही त्यांची एक रीत होती. बरोबर मध्ये नाही, मध्यापासून दोन बोटे बाजूला. कडा कानसीने घासायच्या, म्हणजे कोणाचा हात कापू नये. आणि भोकाशेजारी लोखंडी ठशाने नंबर ठोकायचा. मी विचारले नंबर कशाला, तर म्हणाले, गिरणीत प्रत्येक वस्तूला नंबर असतो, मग ती कुठे आहे हे विचारता येते. नंबराप्रमाणे नोंद मी ठेवत असे. तीन वर्षांत चौसष्ट नंबर झाले. सगळे शालिकने नेले. शालिक तिशीतला, बोलका माणूस होता. पूर्वी कापलेले तुकडे न्यायला तो कुरकुर करत असे, अख्खे नग मात्र निरोप पाठवण्याआधीच न्यायला येई. याचा अर्थ काय हे मी स्वतःला कधी विचारले नाही.

१९८१ च्या जानेवारीत एका सकाळी बाजाराच्या तोंडाशी पंक्चर काढणारा एक माणूस सायकलला बांधून एक सिलिंडर घेऊन आला. निळा, नवा रंग दिलेला, एका बाजूने काळा पडलेला. म्हणाला, ‘काकाजी, हा मारून टाका. याने काल शेवंताबाईले जाळलं.’ शेवंताबाई जरीपटक्याच्या बाजाराशी तर्री-पोह्याची गाडी लावत असे. विधवा होती, घरी सासू होती. गाडीखालून एकदम जाळ आला, लुगडे पेटले, लोकांनी पोते टाकून विझवले. डावा हात, खांदा आणि मानेची एक बाजू. तेव्हा ती दवाखान्यात होती.

काकाजींनी सिलिंडर काट्याला लावला नाही. सरळ पालथा केला. मध्यापासून दोन बोटे बाजूला पितळेचा झाळ होता, आणि तो एका कडेने सुटला होता. शेजारचा नंबर रंगाखाली गेला होता. त्यांनी तो नखाने खरवडला. तेवीस.

‘बाबूसाहेब, तेवीस नंबर कोणाले गेला?’

मी वर जाऊन वही आणली. वही न पाहताही मला माहीत होते.

आम्ही दोघे शालिककडे गेलो. तो गाडीवर रद्दी बांधत होता. काकाजींनी सिलिंडर त्याच्यापुढे पालथा ठेवला. शालिकने आधी कानावर हात ठेवले, मग हळूहळू सांगितले. अख्खा नग एक जण दहा रुपयांना घेत होता. तो झाळ लावून, तोटी बसवून, रंग देऊन, मोठ्या सिलिंडरमधून गॅस भरून गाडीवाल्यांना विकत होता. पस्तीस, चाळीस, जसे गिऱ्हाईक. पावतीचा प्रश्न नव्हता.

काकाजी म्हणाले, ‘तुले मालूम होतं ना गा, मी भोक काहून पाडतो?’

शालिक म्हणाला, ‘मालूम होतं जी. पण तुमी अख्खं दिलं म्हून अख्खं गेलं. पैले कापून देत होते तवा माह्याकडं कोणी फिरकत होतं काय? तुमी कापनं बंद केलं, मले वाटलं तुमालेबी चालते.’

काकाजींनी सिलिंडर उचलला. ‘त्याचं बरोबर हाय,’ असे ते मला म्हणाले आणि चालू लागले.

माझ्या कागदात काय नव्हते ते मला तिथे कळले. तो नग आम्हाला केवढ्याचा, एवढेच मी मोजले होते. घेणाऱ्याला तो केवढ्याचा, हे मोजले नव्हते. कचेरीत कोणी असे केले असते तर मी लाल शाईने परत पाठवले असते.

वाटेत मी सुरुवात केली, ‘काकाजी, भोकाचं ते मीच तुम्हाला...’

त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. ‘ड्रिल कोणाच्या हातात होता?’ म्हणाले. एवढेच. त्यानंतर दोन वर्षे चार महिने आमच्यात या विषयावर एक शब्द झाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मी, त्यांनी काढला नाही म्हणून, काढला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते बाकीचे सिलिंडर शोधायला निघाले. सकाळी सायकल काढायची. हँडलला पिशवी, पिशवीत एक वातीचा रॉकेलचा स्टोव्ह. जिथे जिथे खाण्याची गाडी दिसेल तिथे उतरायचे, काही न विचारता उकिडवे बसायचे आणि चालू शेगडीच्या बुडाखाली हात घालून बोटांनी नंबर चाचपायचा. नंबर लागला की मालकाला म्हणायचे, हा स्टोव्ह घे, तो मला दे, वर काय पाहिजे ते सांग. काहींनी दिले. बहुतेकांना वाटे हा पोलिसांचा माणूस आहे. एकदोघांनी धक्के मारले. बाजारात त्यांचे नाव पडले. ते दिसले की भजीवाला ओरडे, ‘चला रे, आपापली बुडं झाका, काकाजी आले.’ लोक हसत. मी एकदा भाजी घेताना हे ऐकले आणि दुसऱ्या रांगेने निघून गेलो.

रॉकेलचा स्टोव्ह फुकट मिळत नाही. त्यांचे पेन्शन किती होते हे मला माहीत होते, कारण त्यांचा फॉर्म मीच भरत असे. मी आपण होऊन भाडे पंचेचाळीसचे साठ केले. पूर्वी मी पाच रुपये वाढवायचे म्हटले तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. या वेळी त्यांनी साठ घेतले आणि खिशात टाकले. तेवढ्यावरून मला कळले की हात किती तंग आहे.

परत मिळालेला प्रत्येक सिलिंडर पुन्हा त्याच वाटेने जाई. वारा, पाना, आठ दिवस पाणी, आणि मग करवत. आता भोक नाही. खांदा तोवर पार गेला होता, म्हणून ते डाव्या हाताने कापत. तीनच्या ठिकाणी पाच तास लागत. रविवारी दुपारी तो आवाज खालून येई आणि मी पलंगावर छताकडे पाहत पडून असे. बायको एकदा म्हणाली, ‘तुम्ही खाली जाऊन जरा हात का लावत नाही?’ मी गेलो. काकाजी म्हणाले, ‘तुमचे हात कागदाचे, कापून घ्याल.’ ते रागाने बोलले नाहीत. मी वर आलो. पुन्हा गेलो नाही.

मोगरा लावायला आता वाट्याच वाट्या होत्या. भिंतीच्या कडेने त्या एकीत एक घालून ठेवलेल्या असत. त्यांत ते काही लावत नव्हते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते न चुकता शेवंताबाईच्या गाडीवर पोहे खायला जात. ती चार महिन्यांनी पुन्हा उभी राहिली होती. मी समजत होतो की माणूस जीव रमवायला जातो.

मे १९८३ च्या शेवटच्या आठवड्यात काकाजी गेले. दुपारी कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले होते, मानेवर फडके होते आणि ते वाळले होते. डॉक्टर ऊन म्हणाले. पुतण्या आला. पंधरा दिवसांत घर विकायचे ठरले आणि आम्हाला दुसरी जागा पाहायला सांगितले, त्यात त्याचे काही चुकले नाही. मी वही काढून परत आलेल्या नंबरांपुढे केलेल्या माझ्या खुणा मोजल्या. चौसष्टपैकी, त्या तेवीस नंबरासह, अठ्ठेचाळीस परत आले होते. सोळा आले नव्हते. ते अजून कुठे असतील, कोणाच्या गाडीखाली, हे मला आजही सांगता येत नाही. अंगणात शेवटचे दोन पाण्याने भरून तसेच होते. ते मी कापले. दोन दिवस लागले. तळहाताची साल निघाली.

जूनच्या पहिल्या रविवारी मी शेवंताबाईकडे गेलो. काकाजी गेल्याचे तिला कोणी सांगितले नसेल तर सांगावे, असे मनात होते. तिला कळले होते. गाडीवर वातीचा स्टोव्ह होता. डावा हात तिला कोपरात पूर्ण सरळ करता येत नव्हता, झारा ती उजव्याने धरी आणि ताटली डाव्या मनगटाने अंगाशी दाबून ठेवी. तिने मला पोह्यांची ताटली दिली, वर तर्री घातली. मी उभ्यानेच खाऊ लागलो.

गिऱ्हाईक कमी झाल्यावर ती आपणच बोलू लागली. काकाजी दर महिन्याला वीस रुपये ठेवून जात. आधी दवाखान्यात, मग घरी, मग गाडीवर, असे अठ्ठावीस महिने. पहिल्यांदा तिने ते फेकून दिले होते. ते वाकून गोळा करत बसले, तेव्हा तिला कसेसेच झाले. नंतर ते कांदे चिरून देत, तासभर बसत. ‘त्याईनं पैल्याच दिवशी सांगून टाकलं,’ ती म्हणाली. ‘मले कापायचा कंटाळा आला, बाई, म्हून मी भोक पाडून मोकळा झालो. माह्याच डोक्यातून निघालं, म्हने. बाकी कोणाचा दोष नाही.’

ताटलीत अजून दोन घास होते. मी ती गाडीच्या कडेला ठेवली. मी तिला सांगितले की काकाजींना कंटाळा नव्हता. ते कापतच होते. भोक पाडायला मी सांगितले. भोक बुजवता येते असे ते म्हणाले होते आणि मी हिशेब पक्का आहे म्हणालो होतो. हे मी जसे इथे लिहिले तसेच, क्रमाने सांगितले.

स्टोव्हची वात तिने कमी केली. मग माझ्याकडे पाहिले.

‘मंग इतके दिवस तुमी कुठं होते?’

मी इंदोऱ्यात होतो, दहा मिनिटांवर. असे उत्तर होते, ते मी दिले नाही.

खिशातून मी वीस रुपये काढले आणि या महिन्यापासून मी देत जाईन म्हणालो. तिने नोटांकडे पाहिले, हात पुढे केला नाही. मी त्या गाडीवर ठेवल्या. तिने ओल्या फडक्याने त्या माझ्याकडे सरकवल्या आणि तेवढी जागा पुसून घेतली.

‘त्याईचं मी घेतलं,’ ती म्हणाली. ‘तुमचं नाही. पोह्याचे बारा आणे द्या.’

दिनांक ५ जून १९८३. पोह्यांच्या एका ताटलीचे पंच्याहत्तर पैसे शेवंताबाईंना दिले. बाकी काही दिले गेले नाही.